डोंगरी सायकलीच्या चिमट्यांतील तेल

त्र्यंबकेश्वराचा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारें सातशें मीटर उंच आहे आणि जव्हार सुमारें साडेचारशें मीटर. या दोहोंच्या मध्यें मोखाडा तालुका पसरलेला आहे. त्र्यंबकेश्वर सोडून तोरंगणचा घाट उतरलें म्हणजे मोखाडा लागतें, आणि तेथून रस्ता जव्हार, विक्रमगड, मनोर असा समुद्राकडे उतरत जातो. या रस्त्यानें एस. टी. च्या गाड्या धांवतात, मोटारसायकली धांवतात, आणि सुटीच्या दिवशीं नाशिक-मुंबईकडील सायकलस्वारही आतां दिसतात. नाशिककरांना सायकलीचें वेड कांहीं नवें नाहीं. २०१५ सालीं तेथील डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनीं अमेरिका खंड आडवें ओलांडणारी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही शर्यत पुरी केली होती. परंतु ती सायकल निराळी, डांबरी सडकेची. मोखाड्याजवळ सडक सोडून खोडाळा-सूर्यमाळच्या बाजूच्या गाडीवाटेला लागावयाचें झाल्यास रुंद टायरांची आणि पुढच्या चाकाला धक्के शोषणारा चिमटा असलेली डोंगरी सायकल लागते.

पावसानें धुपलेला मुरूम, त्यांतून डोकें वर काढलेले काळे दगड, मध्येंच नागलीच्या शेताचा बांध, अशा उतारावर स्वाराचा जीव पुढच्या चाकावर टांगलेला असतो. चाक जमिनीला धरून राहिलें तर सायकल वळते आणि ब्रेकही लागतो. तें उसळून हवेंत गेलें कीं तेवढ्या अर्ध्या क्षणापुरतें वळणही नाहीं आणि ब्रेकही नाहीं. आणि घाटांत हाड मोडून घ्यावयास अर्धा क्षण पुष्कळ झाला. चाकाला जमिनीवर ठेवण्याचें काम ज्याच्याकडे सोंपविलेलें असतें, तें म्हणजे चिमट्याच्या नळींत कोंडलेलें पेलाभर तेल. हजारों रुपयांची सायकल घेणारा मनुष्य रंग पाहतो, गिअर मोजतो, टायर दाबून पाहतो. या तेलाची चौकशी मात्र क्वचितच करतो.

सायकलीच्या दुकानांत ज्याला चिमटा म्हणतात, तो म्हणजे पुढचें चाक दोहों बाजूंनीं धरणारे दोन पाय. साध्या सायकलींत ते पोलादाचे व अखंड असतात. डोंगरी सायकलींत प्रत्येक पाय दोन नळ्यांचा असतो व वरची नळी खालच्या नळींत आंतबाहेर सरकते. एका पायांत स्प्रिंग असते, पोलादाची किंवा कोंडलेल्या हवेची. दगड लागला कीं स्प्रिंग दबते, आणि दगड सरला कीं जवळजवळ घेतलेली सगळी शक्ति परत देते. धक्का खाल्ला तेव्हां हाताला सुख झालें खरें, पण परतीच्या उसळीनें चाक जमीन सोडूं पाहतें. त्या उसळीला लगाम घालण्यासाठीं दुसऱ्या पायांत तेल आणि त्यांतून सरकणारा छिद्रांचा दट्ट्या बसविलेला असतो. दट्ट्या हालला कीं तेलाला बारीक छिद्रांतून वाट काढावी लागते, आणि त्या घर्षणांत शक्तीची उष्णता होऊन जाते. कचेऱ्यांच्या दारांना वरच्या बाजूस एक यंत्र लावलेलें असतें. त्यामुळें दार धाडकन न आदळतां हळूच मिटतें. तेथेंही आंत तेलच असतें आणि युक्तीही हीच.

आतां हें तेल फार पातळ असेल तर तें छिद्रांतून सहज निसटतें. लगाम सैल पडतो व चाक चेंडूसारखें उडूं लागतें. फार दाट असेल तर उलट संकट. पहिल्या दगडानें चिमटा दबला, आणि तो पुरता वर येण्याच्या आधींच दुसरा दगड आला. तिसऱ्याला तो आणखी खालीं. असा दबत दबत चिमटा आंखडून बसला म्हणजे मनगटांना हिसके बसतात आणि सायकलीचें तोंड खालीं झुकतें. अनुभव नसलेला स्वार अशा वेळीं स्प्रिंग कडक आहे असें समजून हवा कमी करतो, आणि चिमटा अधिकच खालीं बसतो. रोग एक आणि औषध दुसरेंच, असा हा प्रकार होय.

एक गोष्ट येथेंच सांगितलेली बरी. बाजारांतील पुष्कळशा स्वस्त सायकलींच्या चिमट्यांत नुसती स्प्रिंग असते. फार तर तिच्या जोडीला रबराचा तुकडा व थोडें ग्रीज. तेलाचा दट्ट्या त्यांत नसतोच. अशा चिमट्यांत उत्तम तेल ओतलें तरी तें काम करणार नाहीं, गळून मात्र जाईल. तेव्हां पुढचा सारा विचार ज्या चिमट्यांत तेलाचा दट्ट्या आहे त्यांच्यापुरता आहे.

तेलानें लगाम घातलेला नळ्यांचा चिमटा प्रथम मोटारसायकलीला मिळाला. जर्मनींतील बीएमडब्ल्यू कारखान्यानें १९३५ सालीं आपल्या आर १२ या गाडीला तो बसविला, आणि पुढें सर्वत्र त्याचा प्रसार झाला. सायकलीला तो मिळण्यास आणखी अर्धें शतक लागलें. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानाच्या मरीन परगण्यांत १९७६ पासून कांहीं तरुण जुन्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून खालीं सुटण्याच्या शर्यती लावूं लागले. त्या शर्यतीचें नांव ‘रीपॅक’ असें पडलें. कारण एका उतारांत मागच्या चाकाच्या ब्रेकमधील ग्रीज तापून जळून जाई, व तें पुन्हां भरल्याशिवाय सायकल चालेना. म्हणजे डोंगरी सायकलीचा जन्मच मुळीं तेलातुपाच्या चिंतेंत झाला! पुढें १९८९ मध्यें पॉल टर्नर यांचा हवा आणि तेल यांवर चालणारा ‘रॉकशॉक्स’ चिमटा बाजारांत आला. दुसऱ्याच वर्षीं, १९९० सालीं, कोलोरॅडोंतील ड्युरँगो येथें डोंगरी सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. तींत उताराची शर्यत ग्रेग हर्बोल्डनें व रानवाटेची नेड ओव्हरेंडनें जिंकली, आणि दोघांच्याही सायकलींना हाच चिमटा होता. त्यानंतर त्याच्या उपयुक्ततेविषयीं वाद फारसा उरला नाहीं.

वाद उरला तो तेलाचा. दुकानांत गेलें तर बाटल्यांवर २.५, ५, ७.५, १०, १५ असे आंकडे दिसतात. आंकडा जितका मोठा तितकें तेल दाट, एवढें त्यावरून कळतें. परंतु ‘पांच’ म्हणजे किती दाट हें मात्र कळत नाहीं. हे आंकडे मूळचे मोटारीच्या इंजिनांतील तेलांचे. अमेरिकेंतील मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें, म्हणजे एस. ए. ई. नें, ते ठरविले, व इंजिनांच्या तेलांना त्यांचें बंधन आहे. चिमट्याच्या तेलाला तसें बंधन नाहीं. कारखानदारांनीं ते आंकडे उसने घेतले आणि ज्यानें त्यानें आपल्या सोयीनें वापरले. त्यामुळें एकाचें ‘पांच’ आणि दुसऱ्याचें ‘पांच’ ही दोन अगदीं निराळीं तेलें असूं शकतात. इतकेंच काय, एकाचें ‘पांच’ दुसऱ्याच्या ‘साडेसातां’हून दाट निघण्याचा संभव असतो. गेल्या वर्षीं पांच नंबरचें घातलें होतें म्हणून यंदाही पांच नंबरचेंच, पण दुसऱ्या छापाचें, घातलें, आणि सायकल ओळखूं येईनाशी झाली, ही तक्रार याच कारणानें उद्भवते.

खरें माप निराळें आहे. द्रवाच्या दाटपणाला शास्त्रांत श्यानता म्हणतात, आणि तें मोजण्याचें माप सेंटिस्टोक्स. वीस अंश सेल्सिअसच्या पाण्याची श्यानता सुमारें एक सेंटिस्टोक्स भरते. तेलाचा आंकडा बहुधा चाळीस अंशांवर मोजून देतात. या मापानें पाहिलें तर बाजारांतील ‘पांच’ नंबरची तेलें साधारण १५ पासून २५ च्याही पुढें पसरलेलीं आढळतात. श्यानता म्हणजे घनता नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें. तेल पाण्याहून दाट खरें, पण तें तरंगतें पाण्यावरच. गृहिणी लाडवांचा पाक एकतारी झाला कीं दोनतारी हें चिमटींत धरून पाहतात. पाकाला किती वेळ चूल लागली याच्या हिशेबावर त्या विसंबत नाहींत. तेलाच्या बाबतींतही बाटलीवरच्या नांवावर न विसंबतां कारखानदारानें प्रसिद्ध केलेला चाळीस अंशांवरचा आंकडा शोधून पाहावा. तो देण्याचें ज्याला अवघड वाटतें, त्याचें तेल घेण्याचेंही अवघड वाटूं द्यावें. औद्योगिक तेलांच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारींत हा घोळ नाहीं. तेथें १५, २२, ३२, ४६ हे वर्ग म्हणजेच चाळीस अंशांवरची श्यानता, दहा टक्के इकडेतिकडे.

चाळीस अंशांचा उल्लेख दोनदां आला, तो सहज नव्हे. तेल तापलें कीं पातळ होतें, आणि तें किती पातळ होतें याची पुष्कळांना कल्पना नसते. चाळीस अंशांवर ज्याची श्यानता १६ आहे असें चांगलें तेल वीस अंशांवर सुमारें दुप्पट दाट झालेलें असतें. जव्हार-मोखाड्याच्या पठारावर पौषांतली पहांट आणि वैशाखांतली दुपार यांमध्यें वीस अंशांचें अंतर सहज पडतें. म्हणजे पातळ तेल काढून दाट तेल घालण्यांत जो फरक करावयाचा, तितका फरक सूर्य आपण होऊनच करतो! म्हणून तेलाचा दुसरा एक आंकडा पाहावा लागतो, तो श्यानतेच्या निर्देशांकाचा. १९२९ सालीं डीन व डेव्हिस या दोघांनीं तो सुरू केला. पेन्सिल्व्हेनियांतील तेलें तापमानानें कमी बदलत, त्यांना त्यांनीं शंभर गुण दिले. मेक्सिकोच्या आखातालगतचीं तेलें फार बदलत, त्यांना शून्य. आज चिमट्याच्या चांगल्या तेलांचा निर्देशांक शंभराच्या बराच पुढें गेलेला असतो. हा आंकडा जितका मोठा, तितकी थंडी-उन्हाची बाधा कमी. पहांटे निघून दुपारीं उतरणाऱ्या स्वाराला याचें महत्त्व सांगावयास नको.

तेल बदलावयाचें केव्हां? सर्वांत शेवटीं. आधीं स्प्रिंगेंत स्वाराच्या वजनाप्रमाणें हवा भरावी. मग चिमट्यावर परतीचा वेग कमीजास्त करणारी एक कळ असते, ती फिरवून पाहावी. पंचावन्न किलो वजनाच्या स्वाराला हवा थोडी लागते, उसळीही थोडी आणि लगामही थोडा. पंच्याऐंशी किलोच्या स्वाराला तीच स्प्रिंग कडक करावी लागते आणि लगामही आवळावा लागतो. कळ मधल्या कोठल्या तरी जागीं ठेवून काम भागत असेल तर तेलाला हात लावूंच नये. कळ पूर्ण आवळूनही चाक उसळत असेल तर तेल पातळ आहे. पूर्ण सैल करूनही चिमटा आळसानें वर येत असेल तर तें दाट आहे. मात्र हा निवाडा करण्यापूर्वीं आंतलें तेल शिळें किंवा मळलेलें नाहीं ना, हें पाहिलें पाहिजे. पावसाळ्यांतील चिखलपाणी ऑइल सीलमधून आंत शिरलें कीं तेल दुधासारखें गढूळ होतें. अशा तेलावरून कोणताही निष्कर्ष काढणें व्यर्थ होय.

आतां समजा, जवळ दोन तेलें आहेत, एक १६ सेंटिस्टोक्सचें व दुसरें ३६ चें, आणि हवें आहे यांच्या मधलें. दोन्ही निम्मींनिम्मीं मिसळलीं तर मिश्रण किती दाट होईल? शाळेंतला चुणचुणीत मुलगा चटकन उत्तर देईल, सव्वीस. कारण सोळा आणि छत्तीस यांची सरासरी सव्वीस. उत्तर चूक आहे, आणि चूक असूनही मुलाला फार बोल लावतां येत नाहीं, कारण मोठमोठे जाणते कारागीरही हाच हिशेब करतात. श्यानता बेरजेनें वागत नाहीं, प्रमाणानें वागते. येथें अंकगणिती मध्य कामाचा नाहीं, भूमितीय मध्य घ्यावा लागतो. सोळाला छत्तिसांनीं गुणिलें तर ५७६ आणि त्याचें वर्गमूळ २४. सोळास जसे चोवीस, तसे चोविसास छत्तीस. मध्यम प्रमाणपद काढण्याचें तें जुनें उदाहरण एकदांचें उपयोगी पडलें! हा नियमही अगदीं काटेकोर नाहीं. तेलशुद्धीच्या कारखान्यांत याहून सूक्ष्म सूत्रें वापरतात आणि त्यांनीं उत्तर साडेतेविसांच्या आसपास येतें. सायकलस्वाराला तेवढ्या फरकानें बाध येत नाहीं.

सारांश असा कीं पातळ तेलाचें वजन मिश्रणांत नेहमीं अपेक्षेहून जास्त पडतें. दाट तेल एक भाग व पातळ तीन भाग घेतलें तर उत्तर सुमारें साडेएकोणीस येतें, सरासरीच्या हिशेबाप्रमाणें वीस नव्हे, एकवीस आलें असतें. दाट तीन भाग व पातळ एक भाग घेतलें तर साडेएकोणतीस, सरासरीनें एकतीस. कोणाला नेमके वीस सेंटिस्टोक्स हवे असतील तर शंभर मिलिलिटरांत दाट तेल सत्तावीस-अठ्ठावीस मिलिलिटर घालावें. सरासरीचा भाबडा हिशेब वीसच मिलिलिटर सांगेल, आणि मिश्रण एकोणिसांच्याही खालीं राहील. ज्यांना लॉगॅरिथमचें कोष्टक अजून आठवतें त्यांनीं हें स्वतः ताडून पाहावें. दोन तेलांचे आंकडे एकमेकांपासून जितके दूर, तितकी ही चूक वाढत जाते; म्हणून शक्य तों जवळजवळचीं दोन तेलें निवडावीं.

मिश्रण झालें, तें खरोखर चोविसाचें झालें आहे कीं नाहीं हें कसें पाहावें? एके काळीं बोव्हर्टन रेडवुड या इंग्रज रसायनज्ञानें यासाठीं एक साधें उपकरण केलें. ठराविक तापमानाचें पन्नास घन सेंटिमीटर तेल बारीक छिद्रांतून गळण्यास किती सेकंद लागतात, तें मोजावयाचें. इंजिनियरिंगच्या विद्यार्थ्यांना प्रयोगशाळेंत हें उपकरण परिचित असतें. घरीं त्याची नक्कल करतां येते. औषधाच्या दुकानांतून मोठी पिचकारी आणि जाड सुई आणावी. दट्ट्या काढून टाकावा, पिचकारी उभी टांगावी, वर व खालीं दोन खुणा कराव्या, आणि तेल वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरण्यास लागलेला वेळ घड्याळानें मोजावा. सुई बारीक असल्यास दहा मिलिलिटरांना कांहीं मिनिटें लागतात, आणि तेंच चांगलें. घाईनें वाहणाऱ्या तेलाचें माप खोटें येतें. आधीं ज्याची श्यानता छापलेली आहे असें तेल लावून पाहावें, नंतर मिश्रण. सोळाच्या तेलाला दहा मिनिटें लागलीं आणि मिश्रणाला पंधरा, तर मिश्रण चोविसाचें. सुई मात्र तीच ठेवावी. सुईचें भोंक निम्मे रुंदीचें झालें तर वेळ दुप्पट नव्हे, सोळापट होतो. फ्रेंच वैद्य प्वाझय यानें रक्तवाहिन्यांचा विचार करीत असतां हा नियम शोधला. दोन्ही वेळां तेलाच्या बाटल्या कोमट पाण्यांत ठेवाव्या आणि पाण्याची ऊब घरांतील ताप पाहण्याच्या थर्मामीटरनें पाहावी. चाळीस अंश म्हणजे १०४ डिग्री ताप. तेवढें त्या थर्मामीटरला मोजतां येतें.

मिसळण्याचीं तेलें शक्य तों एकाच कारखान्याचीं, एकाच मालिकेंतलीं असावीं. निराळीं असल्यास थोडेंसें मिश्रण कांचेच्या बाटलींत रात्रभर ठेवून पाहावें. सकाळीं तें धुरकट दिसलें, थर पडले किंवा तळाशीं गाळ बसला तर तें चिमट्यांत घालूं नये. ब्रेकचें तेल कदापि नको. बहुतेक ब्रेकतेलांनीं चिमट्याचीं रबरी सीलें फुगतात. खोबरेल घालून पाहण्याचा मोह कोणाला होईल, पण तें चोवीस अंशांच्या सुमारास थिजूं लागतें, आणि जव्हारची हिंवाळ्यांतली रात्र त्याहून थंड असते. मोटारसायकलीच्या शॉकअपमधील तेल जातीनें जवळचें खरें, परंतु तें बहुधा कितीतरी दाट असतें. वाटेंत चिमटा गळाला आणि मोखाड्याच्या बाजारांत तेवढेंच मिळालें, तर हळूहळू घरीं पोंचण्यापुरतें तें चालेल. घाटांत वेगानें सुटण्यासाठीं चालणार नाहीं. आणि इंजिनाचें तेल दट्ट्याच्या पायांत नकोच. दट्ट्याच्या घुसळणीनें त्याला फेंस येतो, आणि फेंस म्हणजे हवा. हवा छिद्रांतून निसटते, लगाम राहत नाहीं.

आणखी दोन गोष्टी. चिमट्यांत दोन ठिकाणीं तेल असतें. दट्ट्याजवळचें तेल लगामाचें. खालच्या नळ्यांच्या तळाशीं घातलेलें थोडें तेल नुसतें वंगणाचें, आणि तें दाट असलेलेंच बरें. वंगणाचें तेल लवकर खराब होतें. कांहीं कारखानदार तें पन्नास तासांच्या वापरानंतर बदलावयास सांगतात. या दोहोंची अदलाबदल करूं नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. हवेच्या स्प्रिंगेचा चिमटा उघडण्यापूर्वीं आंतली हवा पुरती सोडलीच पाहिजे. ती कोंडलेली असतां झांकण फिरविल्यास तें बंदुकीच्या गोळीसारखें सुटतें, आणि समोर बहुधा डोळेच असतात.

राहतां राहिलें काढलेलें जुनें तेल. मोखाडा तालुक्यांतच मध्य वैतरणेचें धरण आहे आणि त्याचें पाणी मुंबईला जातें. त्याच तालुक्यांतल्या पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहावी लागते आणि बायकांना हंडे घेऊन आटत्या विहिरींशीं ताटकळावें लागतें. तेथें ओढ्याकांठीं सायकल उलटी करून काळें तेल मातींत ओतून निघून जाणें हा केवळ गलथानपणा नव्हे. तें तेल पहिल्या पावसाबरोबर झऱ्यांत उतरतें. चिमट्याच्या एका पायांतून निघणारें तेल बहुधा शंभर-दीडशें मिलिलिटरांच्या आंतलें असतें. नवीन तेलाची जी बाटली रिकामी झाली, तिच्यांतच तें मावतें. बूच लावून परत नेतां येतें, आणि शहरांत गॅरेजवाले इंजिनाचें जुनें तेल ज्या पिंपांत सांठवितात त्यांत तें जातें. नव्या मिश्रणाच्या बाटलीवर मात्र चिठ्ठी चिकटवावी: कोणतें तेल किती मिलिलिटर, किती मिनिटांत गळालें आणि कोणत्या दिवशीं भरलें.